घरगुती राउटरसाठी नॅनोपाय आर४एस : काही महिने चोवीस तास चालवल्यावर

राउटरसाठी बोर्ड (नॅनोपाय आर४एससारखा एकाच सर्किट बोर्डवरचा छोटा संगणक) घेताना बहुतेक जण कोअर आणि रॅम मोजतात. आधी बघायचं ते दुसरं इथरनेट पोर्ट प्रोसेसरला कुठून जोडलंय. रास्पबेरी पाय ४ या तशाच बोर्डला गिगाबिट पोर्ट एकच. दुसरं यूएसबी ३ अडॅप्टरवरून आणावं लागतं. चालतं, पण अडॅप्टर सैल झाला की नेट गेलंच. पाय ३ बी प्लसचं गिगाबिट पोर्ट तर यूएसबी २ वर आहे, ३०० एमबीपीएसच्या आसपास दम संपतो. आर४एसमध्ये एक पोर्ट थेट आरके३३९९ या प्रोसेसर चिपचं आणि दुसरं पीसीआयई या वेगवान अंतर्गत जोडणीवर. निवडीचं कारण एवढंच.

नुसतं गिगाबिट वेगाचं नॅट (घरातली सगळी उपकरणं एकाच इंटरनेट पत्त्यावरून बाहेर नेणं) त्याला जड जात नाही. कस लागतो एसक्यूएम (लाइन भरली तरी पिंग, म्हणजे प्रतिसादाला लागणारा वेळ, वाढू न देणारी रांग-व्यवस्था) चालू केल्यावर. त्यातला केक हा अल्गोरिदम एका दिशेचा ट्रॅफिक मुख्यतः एकाच कोअरवर आवरतं, त्यामुळे सहा कोअर ही जाहिरातीपुरती गोष्ट. खरं काम दोन वेगवान ए७२ कोअर करतात. नेटवर्कचे इंटरप्ट (पॅकेट आल्याचे प्रोसेसरला जाणारे इशारे) चुकून बाकीच्या हळू ए५३ कोअरवर पडले तर वेग लगेच बसतो. स्पीड टेस्ट चालू ठेवून टॉप ही सीपीयूचा भार दाखवणारी कमांड बघा. सीपीयू एकूण निवांत दिसतो आणि एसआयआरक्यूचा (नेटवर्कच्या इंटरप्टवरच्या कामाचा) आकडा मात्र १६-१७ टक्क्यांवर अडकलेला, म्हणजे सहातला एक कोअर पूर्ण भरलाय. एसक्यूएमचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा आणि पिंग वाढू लागेपर्यंत हळूहळू चढवा.

लोड आला की रीबूट होत असेल तर फर्मवेअर बदलत बसू नका. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणि आखूड, जाड तारेची केबल लावा. बारीक तारेत व्होल्टेज पडतं.

घड्याळाकडे कुणी लक्ष देत नाही. बोर्डवर आरटीसीच्या (वीज नसतानाही चालणाऱ्या घड्याळाच्या) सेलसाठी कनेक्टर आहे, तो रिकामा ठेवला तर वीज गेल्यावर वेळ मागे जाते. मग डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची एन्क्रिप्टेड पद्धत) सर्टिफिकेट अवैध वाटतं, डीएनएस नाही म्हणून एनटीपीला (नेटवरून वेळ जुळवणारी सेवा) सर्व्हरचं नाव सापडत नाही, आणि वेळ सुधारतच नाही. वायरगार्ड व्हीपीएनही जुन्या वेळेचा हँडशेक (जोडणी सुरू करणारा संदेश) नाकारतं. सेल लावा, किंवा निदान एक एनटीपी सर्व्हर आयपी पत्त्याने द्या.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची स्क्वॅशएफएस इमेज (मूळ फाइली न बदलणारा प्रकार) घ्या, फॅक्टरी रीसेट करता येतो. लॉग मुळातच रॅममध्ये राहतात, त्यामुळे मेमरी कार्ड फारसं झिजत नाही. ओपनडब्ल्यूआरटीसारखाच मोडेमही १९२.१६८.१.१ वर असेल तर आधी लॅनचा (घरातल्या बाजूचा) पत्ता बदला.

वायफाय बोर्डवर नाहीच, आणि ते बरंच आहे. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करा : त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद, केबल लॅन पोर्टमध्ये.

लाइन गिगाबिटच्या वर असेल तर त्याच मालिकेतला आर५एस बघा, त्याला २.५ गिगाबिटची दोन पोर्ट आहेत. पण कोअर ए५५, म्हणजे ए७२ पेक्षा हळू, आहेत. एसक्यूएम हवं असेल तर नुसत्या पोर्टच्या आकड्यावर जाऊ नका.