प्रोजेस्टेरॉन: इंजेक्शन की योनीतून घ्यायची गोळी?

गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडायची तारीख ठरली आणि मैत्रिणीचा प्रश्न आला, "सुई घेऊ की गोळी?"

औषध दोन्हींत एकच, प्रोजेस्टेरॉन. गर्भाशयाचं अस्तर टिकवणं आणि स्नायू शांत ठेवणं हे त्याचं काम. एरवी ते अंडाशयातलं पीतपिंड (अंडं सुटल्यावर मागे उरणारी ग्रंथी) बनवतं. गर्भारपणाच्या सातव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास वार ते काम हाती घेते. पण पूर्णपणे औषधांवर चालवलेल्या पाळीच्या चक्रात (औषधी चक्रात) पीतपिंडच नसतं, त्यामुळे तोवरचा सगळा भार बाहेरच्या औषधावर.

त्रासाचं म्हणाल तर सुई जास्त छळते. तेलातलं औषध, रोज साधारण ५० मिलिग्रॅम, कुल्ल्यात. महिनाभरात तिथे गाठी येतात, बसताना कळ येते. तेल तिळाचं किंवा शेंगदाण्याचं असू शकतं, तेव्हा ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. गोळी दुखत नाही, पण दिवसातून दोन-तीनदा ठेवावी लागते आणि पांढरा चिकट स्राव चड्डीला लागत राहतो. (पॅड वापरा, घाबरू नका.)

सुईने रक्तातली पातळी चढते; गोळीचं औषध थेट गर्भाशयात मुरतं, म्हणून रक्ततपासणीत आकडा कमी दिसला तरी तेवढ्यावरून ते कमी पडतंय असं ठरत नाही.

औषधी चक्र असेल तर नुसत्या गोळीवर राहण्यापेक्षा सुईची जोड द्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पुढे गर्भारपणात गर्भाशयाच्या मुखाची लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी भरली असेल, किंवा पूर्वी गर्भपात झालेला असून या गर्भारपणात सुरुवातीला रक्तस्राव होत असेल, तर योनीमार्गच बरा.