वाघाटीच्या शोधासाठी घेतलेला कॅमेरा ट्रॅप: एका हंगामाचा अनुभव

सीना नदीकाठच्या आमच्या उसात मागच्या तोडीच्या वेळी टोळीला पाचटात वाघाटीची, म्हणजे अंगावर तांबूस ठिपके असलेल्या लहानशा रानटी मांजराची, दोन पिल्ले सापडली आणि ती गावातल्या मांजराची समजून कोणीतरी घरी नेली. वाघाटी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे आणि अशी पिल्ले उचलणे हा गुन्हा ठरतो, हे आम्हाला उशिरा कळले. त्याची मला फार खंत वाटली. म्हणून यंदा मादी कोणत्या फडात वावरते हे तोड सुरू होण्याआधी समजावे, या हेतूने सोलापुरात नवी पेठेतील एका दुकानातून साडेअकरा हजारांना कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेतला.

खोक्यावर वीस मीटरचा पल्ला छापलेला आहे. तो माणसासाठी खरा असेल, पण पूर्ण वाढ होऊनही दीड किलोच्या आसपासच भरणाऱ्या वाघाटीसाठी चार-पाच मीटरच धरावा. पहिले पंधरा दिवस कॅमेरा कमरेच्या उंचीवर होता, तेव्हा केवळ माणसे आणि कुत्री टिपली गेली. बांधापासून दीड वितीवर आणल्यावर रानमांजर आले, मुंगूस आले आणि अखेर वाघाटीही आली. उसाचे पान हलले तरी फोटो निघतो, त्यामुळे समोरची पाने छाटली नाहीत तर तीन दिवसांत कार्ड भरते.

सेन्सर जनावराचे अंग आणि भोवतालची जमीन यांच्या तापमानातील फरक ओळखतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये सूर्य मावळल्यावरही जमीन तापलेलीच असते, तेव्हा हा फरक इतका घटतो की आमच्याकडे रात्रीचे फोटो जवळजवळ थांबले. हिवाळ्यात मात्र त्याने चोख काम केले.

रात्रीचे चित्र कृष्णधवल येत असल्याने अंगावरचे तांबूस ठिपके पुसट होतात. ओळख पटते ती कपाळावरून मागे जाणाऱ्या गडद पट्ट्यांवरून आणि ठळक कडी नसलेल्या शेपटीवरून. रानमांजराचे पाय लांब असतात, कानांच्या टोकांवर काळे केस दिसतात आणि आखूड शेपटीला काळी कडी असतात. या कॅमेऱ्याचा दिवा मंद लाल दिसतो आणि प्रत्येक वेळी वाघाटीने दुसऱ्या फोटोत त्याच्याकडे वळून पाहिले आहे, म्हणून थोडे अधिक पैसे घालून न दिसणाऱ्या प्रकाशाचा प्रकार घ्यावा. झाकणाची प्लास्टिकची कडी दोन महिन्यांत तुटली, ती तारेने बांधली आहे.

जानेवारीत ईशान्येकडच्या कोपऱ्यात मादी पिल्लांसह तीनदा दिसली. मुकादमांना फोटो दाखवल्यावर त्यांनी तोड विरुद्ध बाजूने सुरू केली आणि तो कोपरा शेवटी ठेवला. तोपर्यंत पिल्ले तिथून हललेली होती. तरीही कोणाच्या फडात पिल्ले सापडलीच, तर त्यांना हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. आई बहुधा जवळच असते आणि अंधार पडल्यावर त्याच जागी परत येते.