टिळकवाडीतील परिचारिकांचा सराववर्ग : सहा आठवड्यांनंतरचे मत

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका कौलारू घराच्या पुढच्या खोलीत शनिवारी आणि रविवारी दुपारी नवशिक्या परिचारिकांसाठी एक सराववर्ग चालतो. त्याला नाव नाही, दारावर पाटी नाही आणि त्याची जाहिरातही कुठे होत नाही. वर्ग चालवणाऱ्या बाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या आहेत. ‘नाव छापलेस तर फोन थांबायचे नाहीत,’ असे त्यांनी मला आधीच बजावले असल्यामुळे या लेखात त्यांचा उल्लेख ‘बाई’ एवढाच येईल. बेळगावात नर्सिंग शिकवणाऱ्या संस्थांना तोटा नाही आणि परदेशी नोकरीसाठी इंग्रजी पक्के करून घेणारे क्लासही आहेत. परंतु नोकरी लागल्यानंतर जिचा हात थरथरू लागला आहे, अशा मुलीने कुठे जावे, याचे उत्तर मला तरी या खोलीखेरीज दुसरीकडे मिळाले नाही.

मी खानापूर तालुक्यातली. जीएनएम ही परिचर्येची पदविका पूर्ण झाल्यावर मिळालेली पहिली नोकरी मी पाच महिन्यांत सोडली. त्या रुग्णालयाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, मात्र तिथली परिस्थिती सांगितल्याशिवाय या वर्गाचा उपयोग नेमका काय झाला हे कळणार नाही. रात्रपाळीला बावीस रुग्णांच्या वॉर्डात मी आणि एक मावशी, एवढ्या दोघीच असायचो. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष मी परीक्षेत लिहून त्याचे गुणही मिळवले होते.

चौथ्या महिन्यात एके पहाटे इन्सुलिन भरताना हाताशी आलेली लाल टोपणाची सिरिंज मी उचलली. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते आणि नारिंगी टोपणाची 100 युनिटवाल्यासाठी. एरवी आमच्या फ्रीजमध्ये 40 चीच व्हायल (औषधाची छोटी बाटली) असे; त्या रात्री 100 ची आलेली होती. लाल सिरिंजवर दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढले की ते पाव मिलिलिटर भरते, आणि 100 च्या व्हायलमधले पाव मिलिलिटर म्हणजे दहा नव्हे, पंचवीस युनिट. शेजारच्या वॉर्डातून कापूस मागायला आलेल्या एका ज्येष्ठ सिस्टरचे लक्ष माझ्या हाताकडे गेले आणि तिने मनगट धरले, म्हणून रुग्णाला काही झाले नाही. सकाळच्या राउंडला मात्र मला सर्वांदेखत जे ऐकून घ्यावे लागले, त्यात व्हायल केव्हा बदलली आणि दोन्ही प्रकारच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये कशा, हे एकानेही विचारले नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक औषध चार-चार वेळा तपासू लागले. त्यामुळे उशीर होऊ लागला, उशिराबद्दल पुन्हा बोलणी बसू लागली, आणि महिन्याभरात अशी वेळ आली की सुई हातात घेतली की बोटे गार पडत. राजीनामा देऊन घरी आले, तेव्हा आईने शेजारी विचारणाऱ्यांना ‘रजेवर आली आहे’ असे सांगितले. ती रजा दोन महिने चालली.

वर्गाची माहिती मला एका मैत्रिणीकडून मिळाली. एका तुकडीत आठच जणी घेतल्या जातात. आमच्यात येळ्ळूरच्या दोघी होत्या, निपाणीची एक मावशीकडे शहापुरात राहून येत होती, आणि घरी कन्नड बोलणाऱ्या तिघी बैलहोंगल-गोकाककडच्या होत्या. पहिल्या दिवशी धीर देणारे भाषण होईल अशी माझी अपेक्षा होती. बाईंनी प्रत्येकीला कागदाचा तुकडा दिला आणि ज्या एका कामाची सर्वाधिक भीती वाटते ते त्यावर लिहायला सांगितले. मी ‘इन्सुलिन’ लिहिले. माझ्या शेजारणीने ‘डॉक्टरांना फोन’ असे लिहिलेले मी चोरून पाहिले. त्या आठ चिठ्ठ्या टेबलावर मांडून बाईंनी आमच्या समोरच सहा आठवड्यांचे वेळापत्रक तयार केले. माझी पाळी आली तेव्हा मी घडलेली हकिकत सांगू लागले, माझा आवाज भरून आला, आणि बाईंनी मध्येच विचारले, ‘सिरिंज कुठली होती? टोपणाचा रंग सांग की.’

तोवर मला ‘तुझे लक्ष कुठे होते’ असे पुष्कळांनी विचारले होते. टोपणाचा रंग कोणी विचारला नव्हता. बाईंनी कपाटातून दोन्ही सिरिंजा काढल्या, पेल्यात पाणी घेऊन त्यात शाईचे दोन थेंब टाकले आणि मला दोन्हींमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरून दोन चमच्यांत वेगवेगळे रिकामे करायला लावले. एका चमच्याचा तळ जेमतेम ओला झाला आणि दुसऱ्यात त्याच्या अडीचपट पाणी जमले. हे गणित मला येत होते, पाहिले नव्हते. त्यानंतर त्या दोन दिवसांत मी किती वेळा सिरिंज भरली ते मोजले नाही, पण दर वेळी व्हायलवरचा आकडा, टोपणाचा रंग आणि युनिट मोठ्याने म्हणायचे आणि सिरिंज शेजारणीपुढे धरायची, ही बाईंची सक्ती होती. दुसऱ्याला दाखवून घेणे हा कमीपणा नसून कामाचाच भाग आहे, असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. मात्र न दाखवता पुढे गेल्यास पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून करायला लावत.

सलाइनचे थेंब मोजण्याचा सरावही याच पद्धतीने झाला. पाचशे मिलिलिटर चार तासांत द्यायचे आणि सेट मिलिलिटरला 20 थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण 42 थेंब पडावे लागतात, हे कागदावर कोणालाही काढता येते. येथे मात्र घड्याळाकडे पाहत चाक फिरवताना बाई स्वतः रुग्णाच्या नातेवाईक होऊन कानाशी उभ्या राहतात आणि ‘अक्का, डॉक्टर कधी येणार? अक्का, बिल किती झालं?’ असा धोशा लावतात. उत्तर दिले की मोजणी चुकते आणि न दिले की त्या आवाज चढवतात. ‘एक मिनिट थांबा, मोजून झाले की सांगते,’ हे वाक्य शांतपणे उच्चारायला मला दोन रविवार लागले.

शिरेत कॅन्युला घालण्याच्या सरावाबद्दल मात्र माझे मत तितके चांगले नाही. त्यासाठी असलेला रबरी हात फार जुना आहे. पिवळी 24, निळी 22, गुलाबी 20 आणि हिरवी 18 क्रमांकाची, अशा सगळ्या सुया वापरायला मिळतात हे खरे, पण त्या हाताला इतकी भोके पडली आहेत की तिसऱ्या दिवशी शीर शोधावी लागत नाही, जुने भोक शोधले की पुरते. ज्येष्ठ रुग्णाची सरकणारी शीर किंवा लहान मुलाचा हात यांची कल्पना त्यावरून येत नाही. एकमेकींच्या दंडाला पट्टा बांधून बोटाने शीर ओळखण्याचा सराव बाई घेतात, टोचू मात्र देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

माझ्या मते या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग भाषेचा आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या आमच्यासारख्या मुलींचे कन्नड शाळेतल्या पुस्तकाइतकेच असते. दुखण्याला ‘नोवु’ म्हणतात हे मला ठाऊक होते, आणि पहिल्या नोकरीत एक आजोबा रात्रभर ‘होट्टी ब्यानी’ म्हणत असताना मी त्यांना पाणी देत राहिले होते. ‘ब्यानी’ म्हणजेच दुखणे, हे मला या खोलीत बैलहोंगलच्या मुलीने सांगितले. तिची अडचण उलटी होती: ‘कळ येते’, ‘ठणकते’, ‘चमक मारते’ आणि ‘आग होते’ या चारही तक्रारींपुढे ती एकच इंग्रजी शब्द लिहून मोकळी होत असे. बाई जोड्या लावतात, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि एकीने आपल्या बोलीत तक्रार सांगायची, दुसरीने ती समजून घेऊन केसपेपरवर उतरवायची, असा तासभर चालणारा प्रकार असतो. भाषेवरून आमच्या सीमाभागात काय काय होत आले आहे, ते वाचकांना सांगायला नको. रात्री अडीच वाजता पोट धरून बसलेल्या माणसाला त्याच्याशी काही देणेघेणे नसते.

डॉक्टरांना फोन करण्याचा सराव पाचव्या आठवड्यात झाला. बाई मधल्या खोलीत जाऊन बसतात, आम्ही बाहेरून फोन लावायचा, आणि त्या झोपेतून उठवलेल्या, त्रासलेल्या माणसाच्या आवाजात ‘काय आहे?’ म्हणतात. सांगण्याचा क्रम ठरलेला असतो: आता काय घडते आहे, रुग्णाची आधीची माहिती काय, मी काय पाहिले आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे. पहिले तीन भाग सर्वांना जमतात. ‘नऊ नंबरच्या रुग्णाचा रक्तदाब 90/60 आहे, नाडी 118 आहे’ इथपर्यंत मी व्यवस्थित पोचत असे आणि मग ‘म्हणून कळवले’ असे पुटपुटून थांबत असे. पलीकडून बाई म्हणत, ‘कळलं. ठेवू काय फोन?’ ‘आपण येऊन पाहावे’ हे तीन शब्द नसतील, तर तो फोन केला नाही असेच धरले जाते.

पहिल्या नोकरीतल्या या धक्क्याला मार्लिन क्रेमर या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने 1974 मध्येच ‘रिॲलिटी शॉक’ म्हणून नावारूपाला आणले होते, ही माहिती बाईंनी एकदा चहा पिता पिता दिली. ती ऐकून बरे वाटण्याऐवजी मला थोडा रागच आला. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून माहीत असलेली ही गोष्ट तीन वर्षांच्या शिक्षणात आमच्या कानावर कशी आली नाही?

उणिवा आणखीही आहेत. हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर दाब देण्याचा सराव उशीवर होतो. मिनिटाला 100 ते 120 ही गती त्यावर बसते, पण दाब किमान पाच सेंटिमीटर खोल गेला की नाही, हे उशी सांगत नाही. त्यासाठी बीएलएसचे, म्हणजे मूलभूत जीवनरक्षणाचे, रीतसर प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते. इन्फ्युजन पंप आणि मॉनिटर येथे नाहीत, त्यामुळे ज्यांना अतिदक्षता विभागात जायचे आहे त्यांची निराशा होईल. प्रमाणपत्र मिळत नाही. मुलांना प्रवेश नाही, ही गोष्ट मला विशेष खटकली, कारण माझ्या वर्गातल्या दोन मुलांची अवस्था माझ्यापेक्षा वेगळी नव्हती. शिवाय बाईंचा वक्तशीरपणा जाचक आहे. जुलैच्या पावसात खानापूरहून निघालेली बस पंधरा मिनिटे उशिरा पोचली, तर त्यांनी मला अर्धा तास ओसरीवर बसवून ठेवले होते. ‘ड्यूटीला असं चालतंय काय?’ हे त्यांचे म्हणणे बरोबर असले तरी ओली सलवार घालून ते पटवून घेणे कठीण जाते.

फी 3,600 रुपये आहे आणि ती दोन हप्त्यांत घेतात. माझा पहिला पगार महिना 11,000 रुपये होता, त्यामानाने ही रक्कम लहान नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आली असती तर ही फी मला जड वाटली नसती. तरीही खर्च वसूल झाला असे मी म्हणेन.

हा वर्ग म्हणजे मानसोपचार नव्हे, हेही स्पष्ट करणे आवश्यक आहे. आमच्यातल्या एकीला आठवडेच्या आठवडे झोप येत नव्हती. बाईंनी तिला सराव वाढवून दिला नाही. भिंतीवर लिहिलेल्या 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर तिच्याकडून फोन करवला आणि डॉक्टरांकडे जायला सांगितले. ती पुढची दोन सत्रे आली नाही, तिची फी बाईंनी परत केली.

शेवटच्या दिवशी मुलाखतीत आपण विचारायचे प्रश्न लिहून घेतले जातात. त्याप्रमाणे तालुक्याच्या ठिकाणी मुलाखतीला गेले असताना, रात्री किती रुग्ण आणि किती परिचारिका असतात, हे मी विचारले. सोळा रुग्णांना दोघी, असे उत्तर आले. निकषात तेही बसत नाही, पण दोघी होत्या. पहिल्या रात्री इन्सुलिन भरून मी सिरिंज सहकारी सिस्टरपुढे धरली आणि ‘चाळीसची व्हायल, लाल टोपण, दहा युनिट’ असे म्हटले. तिने वाकून पाहिले आणि मान हलवली. बोटे गारच होती. अजूनही कधी कधी होतात.

पुढची तुकडी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणार आहे. घर सापडले नाही तर दुसऱ्या गेटाजवळच्या औषध दुकानात ‘सिस्टरबाई कुठे राहतात’ असे विचारावे. येताना सेकंदकाटा असलेले मनगटी घड्याळ घेऊन यावे, कारण मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवून आत जावे लागते.