फोडणीला परवानगी होती

सिंगापुरात खोली शोधायला लागलं की ‘लाइट कुकिंग’ म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळतं. चहा, मॅगी, फार तर उकडलेली अंडी. मोहरी तडतडली की मालकाच्या कपाळाला आठ्या. म्हणून मराठी ग्रुपवर ‘सेंगकांग, कॉमन रूम (म्हणजे स्वतःचं बाथरूम नसलेली खोली), ११०० डॉलर, फुल कुकिंग’ असं दिसलं तेव्हा मी ऑफिसातून तडक तिकडेच गेलो.

ही २०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. आदल्या वर्षात इथली खासगी घरांची भाडी जवळजवळ ३० टक्क्यांनी चढली होती, आणि एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमधल्या खोल्याही हातोहात जात होत्या. अकराव्या मजल्यावर दार उघडलं ते पुण्याच्या एका दादांनी. हॉलमध्ये गणपती, ओट्यावर गोडा मसाल्याची बरणी. “फ्लॅट आपलाच आहे, बायको-मुलं सध्या पुण्याला असतात. तू बिनधास्त फोडणी घाल,” म्हणाले. मी तिथेच उभ्या उभ्या पेनाऊवर, म्हणजे इथल्या यूपीआयवर, २२०० सिंगापूर डॉलर पाठवले. एक महिन्याचं डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं. आपले सव्वा लाखाच्या वर गेले.

करार झाला, दोन पानी. त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, वर्षाच्या एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, तेही चौदा दिवसांत आणि सहसा भाडेकरूनेच. म्हणजे माझे ५२ डॉलर. दादा म्हणाले, “एका खोलीसाठी कोण भरतं? राहू दे.” मला बरंच वाटलं.

खरं तर चूक माझ्या नाकासमोर होती. एकदा चहा पिताना ते वैतागून म्हणाले होते, “माझं ईपी रिन्यूअल अडकलंय रे.” मी ‘होईल हो’ म्हणालो आणि चकली उचलली. ईपी म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, परदेशी नोकरदाराचा परवाना. त्यावर असलेल्या माणसाला एचडीबीचा फ्लॅट विकतच घेता येत नाही! तो नागरिकांसाठी असतो, पर्मनंट रेसिडेंटनाही अटी घालून मिळतो. मला हे ऐकून माहीत होतं. पण समोरचा मराठीत बोलत होता, आणि मराठीत बोलणाऱ्याकडे कागद मागायला मला लाज वाटली.

चौथ्या महिन्यात, एका शनिवारी, कुलपात किल्ली फिरली. आत एक चिनी आंटी आल्या. आधी दाराबाहेरचे बुटांचे सहा जोड बघून थबकल्या, मग आम्हाला. “तुम्ही कोण?” आम्ही तिघं तीन खोल्यांमधले, तिघांचाही समज एकच की मालक पुण्याला गेलाय, दहा दिवसांत येईल. आंटींना दोन महिने भाडं मिळालं नव्हतं. फ्लॅट त्यांचा, त्यांनी तो दादांना भाड्याने दिला होता. भाडेकरूने पुढे पोटभाडेकरू ठेवायला एचडीबीची सक्त मनाई. कारवाई झाली तर त्यांच्यावरही आली असती, त्यामुळे आमच्याइतक्याच त्याही घाबरल्या होत्या. आठवडाभर राहू दिलं, हे त्यांचे उपकारच.

दादांचा फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली. स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये दोन वर्षांपर्यंतच्या घरभाडे-करारांचे, २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, वकीलही लागत नाही. पण नोटीस कुठे बजावणार? करारावर दादांचा पत्ता होता तो याच फ्लॅटचा. शिवाय मुद्रांक नसलेला करार पुराव्यात धरत नाहीत, तो दंडासकट आधी भरून घ्यावा लागतो. वाचवलेले ५२ डॉलर असे आठवले.

तुम्ही खोली बघायला गेलात तर एचडीबीने मालकाला दिलेली परवानगी आणि तिच्यात तुमचं नाव, हे पैसे द्यायच्या आधी मागा. एजंट असेल तर त्याचा सीईए क्रमांक (घरांच्या एजंटांचा सरकारी नोंदणी क्रमांक) सरकारी यादीत तपासा आणि फोन यादीतल्याच नंबरवर करा. दुसऱ्याचा क्रमांक लावून फिरणारेही आहेत. दादा, काका, गाववाला, कुणीही असो.

आता कोवानला राहतो. मालक आजोबांनी पहिल्याच दिवशी सगळे कागद टेबलावर मांडले, मुद्रांकाची पावती माझ्यासमोर काढली. मग स्वयंपाकघर दाखवलं आणि बोट वर करून म्हणाले, “लाइट कुकिंग ओन्ली.”

मोहरीची पुडी अजून बॅगेतच आहे.