मॅक्स ओ'रेलचे अमेरिकादर्शन आणि त्याचे स्वस्त पुनर्मुद्रण

मॅक्स ओ'रेल या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेओं पॉल ब्लुए या फ्रेंच विनोदकाराचे 'अ फ्रेंचमन इन अमेरिका' हे पुस्तक १८९१ साली प्रथम प्रसिद्ध झाले. मागणीनुसार छपाई करणाऱ्या एका कंपनीने काढलेली त्याची नवी प्रत आता ऑनलाइन पाचशे रुपयांच्या आत मिळते आणि रत्नागिरीपर्यंत घरपोच येते. पुस्तक कसे आहे आणि ही प्रत कशी आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे इतकी वेगळी आहेत की त्यांना मिळून एकच शेरा देता येणार नाही. पुस्तक अवश्य वाचावे आणि ही प्रत घेऊ नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे जरा सविस्तर द्यावी लागतील, कारण आपल्याकडे हा लेखक फारसा कोणाच्या वाचनात आलेला नाही.

ब्लुएचा जन्म १८४७ साली नॉर्मंडीतील आव्रांश या गावी झाला. तो फ्रेंच सैन्यात अधिकारी होता. प्रशियाविरुद्धच्या युद्धात सेदाँ येथे तो कैदी झाला आणि पुढच्याच वर्षी पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधील बंडखोर राजवटीच्या, वेळच्या लढाईत जखमी होऊन निवृत्त झाला. त्यानंतर वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून तो इंग्लंडला गेला, तिथे लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत फ्रेंचचा शिक्षक झाला आणि एका इंग्रज स्त्रीशी लग्न करून संसाराला लागला. १८८३ साली इंग्रजांची खिल्ली उडवणारे त्याचे पहिले पुस्तक गाजले. बायकोने त्याची पुस्तके इंग्रजीत आणली, त्यामुळे इंग्रज आणि अमेरिकन वाचकांना त्याचा आवाज ज्या भाषेत ओळखीचा झाला, ती भाषा घडवण्यात त्या बाईंचा वाटा मोठा होता. पुनर्मुद्रणांच्या मलपृष्ठांवर तिचा उल्लेखही सापडत नाही. पुढे त्याने शाळा सोडली आणि परक्या देशांविषयी त्याच देशांतल्या लोकांसमोर विनोदी व्याख्याने देणे हा व्यवसाय पत्करला.

अमेरिकेत तो कायमचा राहिला नाही. न्यूयॉर्कचे व्याख्यान-व्यवस्थापक मेजर पाँड यांनी आखलेल्या दौऱ्यांवर तो तिकडे वारंवार जात असे आणि आयुष्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये राहून न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रासाठी लिहीत असे. १९०३ साली तो वारला. एक घर सोडून दुसऱ्या देशात स्थिरावलेला आणि तिसऱ्या देशाच्या पैशावर त्याच देशाची थट्टा करणारा हा माणूस होता. १८८९ सालच्या, दुसऱ्या एका लेखकाबरोबर लिहिलेल्या त्याच्या अमेरिकेवरच्या आधीच्या पुस्तकाचा आरंभच असा आहे की अमेरिकेची लोकसंख्या सहा कोटी असून त्यांतले बहुतेक कर्नल आहेत. यादवी युद्धानंतर जिकडेतिकडे कर्नलपदे मिरवणाऱ्या समाजाला हा टोला बरोबर लागला असणार. परंतु ते पुस्तक लवकरच विषयवार निरीक्षणांच्या चळतीसारखे वाटू लागते. इथे ज्याचे परीक्षण करतो आहे ते पुस्तक दैनंदिनीच्या स्वरूपात, १८९० च्या हिवाळ्यातील व्याख्यानदौऱ्याच्या ओघात लिहिलेले आहे, आणि त्यामुळे त्यात माणूस दिसतो. कधी त्याला सर्दी झालेली असते, कधी गाडी चुकते, कधी सभागृह अर्धे रिकामे असते.

जहाजावरचा प्रवास, जकात नाका, मुलाखती घ्यायला धावून येणारे बातमीदार ही सुरुवातीची प्रकरणे झटकन वाचून होतात. तशी वर्णने त्या काळच्या प्रत्येक प्रवाशाने लिहिली आहेत. पुस्तकाची खरी ताकद हॉटेलांच्या प्रकरणापासून दिसू लागते. अमेरिकन हॉटेलात शिरणाऱ्या पाहुण्याचे नाव कसे गळून पडते आणि तो केवळ खोलीचा क्रमांक होतो, जेवणाच्या दालनात रिकामी टेबले समोर दिसत असूनही मुख्य वाढपी बोट दाखवील तिथेच सगळे निमूटपणे कसे जाऊन बसतात, हे त्याने फार मजेदार लिहिले आहे. वरवर पाहता ही प्रवाशाची किरकोळ तक्रार आहे. परंतु पुढे रेल्वेच्या प्रवासाविषयी लिहिताना तो प्रकरणाच्या शीर्षकातच विचारतो की अमेरिका हे स्वतंत्र राष्ट्र आहे काय, आणि तेव्हा आधीच्या हॉटेलाचा संदर्भ एकदम उलगडतो. राजाची सत्ता झुगारून देणारी माणसे स्वतःच पगार देत असलेल्या नोकरांचा हुकूम मान खाली घालून ऐकतात. कंडक्टर दरडावतो आणि पैसे मोजून तिकीट काढलेला नागरिक गप्प बसतो. ओ'रेलला याचे हसू येते, पण त्या हसण्यात खरेखुरे आश्चर्यही मिसळलेले आहे. आपल्याकडे गणपतीच्या गाडीत तिकीट तपासनिसाशी तत्त्वासाठी हुज्जत घालणारे चार जण प्रत्येक डब्यात सापडतात, त्यामुळे कोकणातल्या वाचकालाही ते आश्चर्य समजायला वेळ लागू नये.

दुसरा उत्तम भाग श्रोत्यांविषयीचा आहे. काही केल्या न हसणारा गृहस्थ आणि विनोद पुरा होण्याआधीच हसून मोकळा होणारा गृहस्थ या दोघांची त्याने काढलेली चित्रे आजच्या कोणत्याही सभागृहात चालतील. सभेच्या अध्यक्षांवरही त्याने बरेच लिहिले असून त्यात अमेरिकन, इंग्रज आणि स्कॉटिश अध्यक्षांची तुलना आहे. वक्त्याची ओळख करून देण्याच्या निमित्ताने स्वतःचेच व्याख्यान उरकून घेणारे अध्यक्ष ज्यांनी आपल्याकडच्या व्याख्यानमालांतून वर्षानुवर्षे सोसले आहेत, त्यांनी ही पाने एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावीत. इथे ओ'रेलचा विनोद निर्विष आहे, कारण त्यात तो स्वतःही सापडलेला आहे. श्रोता हसला नाही तर नुकसान वक्त्याचेच होते, आणि ज्या माणसाचे पोट लोकांच्या हसण्यावर अवलंबून आहे त्याने न हसणाऱ्याकडे इतके बारकाईने पाहावे, हे साहजिकच आहे.

नवश्रीमंत अमेरिकनांना कुलचिन्हे आणि पूर्वज तयार करून हवे असतात, यावरही त्याने एका प्रकरणात टोले मारले आहेत. ही पाने वाचताना १८९५ सालचे एक भांडण ठाऊक असेल तर त्यांची गंमत वाढते. पॉल बूर्जे या फ्रेंच कादंबरीकाराने अमेरिकेविषयी लिहिताना असे म्हटले होते की अमेरिकन माणसाचा वेळ जाईनासा झाला की आपले आजोबा कोण होते याचा शोध घेण्यात तो वर्षे घालवू शकतो. त्यावर मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकाराने नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू या मासिकात उत्तर दिले की फ्रेंच माणसाचा वेळ जाईनासा झाला तर तो आपले वडील कोण हे शोधू शकतो. बूर्जेच्या बाजूने धावून आला तो मॅक्स ओ'रेल, आणि त्याच मासिकात त्याने ट्वेनला रागारागाने सभ्यतेचे धडे दिले. अमेरिकनांच्या आजोबांवर विनोद करून ज्याने मानधन घेतले, त्याला फ्रेंचांच्या वडिलांवरचा विनोद सोसला नाही. इतरांवर हसणाऱ्या लेखकाची स्वतःची कातडी किती पातळ असते, याचा इतका उघड पुरावा क्वचितच मिळतो. पुनर्मुद्रणाला कोणी जाणकाराने चार पानांची प्रस्तावना लिहिली असती तर ही हकीकत वाचकाला तिथेच मिळाली असती.

त्या वादात ट्वेनने घेतलेला मूळ आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परका माणूस एखाद्या राष्ट्राचे बाहेरचे रूप टिपू शकतो, त्याचा आत्मा त्याला सापडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. या कसोटीवर ओ'रेल काही ठिकाणी सपशेल पडतो. अमेरिकन स्त्रियांविषयी त्याने काढलेले सरसकट निष्कर्ष आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या प्रदेशाइतकेच खरे आहेत, आणि कृष्णवर्णीयांविषयीचा त्याचा सूर आज वाचवत नाही. परंतु हॉटेल, रेल्वे आणि सभागृह यांबाबत ट्वेनचा आक्षेप मला लागू पडत नाही असे वाटते. माणसे रोज कोणापुढे मान तुकवतात हे त्यांचे त्यांना दिसत नाही, कारण ते त्यांच्या अंगवळणी पडलेले असते, आणि ते पाहण्यासाठी आत्म्यापर्यंत जावे लागत नाही, दारातून नुकते आत आलेले असणे पुरते. गणपतीला गावी आलेला चाकरमानी चार दिवसांत वाडीतल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवतो त्याही अशाच अचूक असतात. फरक एवढाच की त्याला तिथेच आरतीला उभे राहायचे असते, म्हणून तो जपून बोलतो. ओ'रेललाही पुढच्या हिवाळ्यात दौऱ्यावर यायचे असे, आणि त्याच्या टोल्यांपाठोपाठ अमेरिकनांच्या आदरातिथ्याची जी स्तुती हटकून येते ती याच हिशेबाची असावी, असा संशय वाचकाला येत राहतो. ही स्तुती काही वेळा कंटाळा आणते.

आता प्रतीविषयी. लेखक १९०३ साली आणि चित्रकार १९३३ साली वारल्यामुळे या पुस्तकावर आता कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, आणि जुन्या प्रतीचे यंत्राने वाचलेले अक्षर जसेच्या तसे छापून विकण्यास कोणालाच मज्जाव नाही. या प्रतीत नेमके तेच झाले आहे. मूळ आवृत्तीत ई. डब्ल्यू. केम्बल यांची शंभराहून अधिक चित्रे होती. केम्बल म्हणजे मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' या कादंबरीची मूळ चित्रे काढणारा चित्रकार. कृष्णवर्णीयांची विटंबना करणारी त्याची चित्रे आज अंगावर येतात हे खरे, परंतु न हसणारा श्रोता किंवा मुख्य वाढपी यांची चित्रे विनोदाचा निम्मा भार उचलतात. या प्रतीत एकही चित्र नाही. वाईट म्हणजे चित्रे गेली असली तरी त्यांखालच्या ओळी गेलेल्या नाहीत, त्या चालू परिच्छेदाच्या मध्येच येऊन पडल्या आहेत, आणि वाचणारा दोनदा मागे जाऊन वाक्य शोधत राहतो. पानाच्या डोक्यावरची शीर्षकेही अधूनमधून मजकुरात शिरली आहेत. अनुक्रमणिकेतील पृष्ठांक मूळ आवृत्तीचे ठेवल्याने त्यांचा या प्रतीशी मेळ बसत नाही. मुखपृष्ठावर काचेच्या आधुनिक गगनचुंबी इमारतींचे छायाचित्र आहे, जे पाहून ब्लुएने आणखी एक प्रकरण लिहिले असते.

बांधणीचा विचार किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वेगळा करायला हवा. १८२८ पासून नगर वाचनालय असलेल्या आमच्या गावात पुस्तके पावसाळ्यातून कशी निभावतात हे वाचकांना अनुभवाने ठाऊक असते. शिवलेले पुस्तक फुगते पण टिकते, नुसत्या डिंकावर चिकटवलेले पुस्तक आषाढात पाने सोडू लागते. ही प्रत दुसऱ्या प्रकारातील आहे. माझ्या प्रतीचे मुखपृष्ठ पहिल्या मोठ्या पावसाच्या आठवड्यातच वळले आणि मधल्या पानांचा एक गठ्ठा कण्यापासून सुटला. प्रत पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आली होती व तिचा एक कोपरा पोहोचतानाच ओला होता. तक्रार केल्यावर विक्रेत्याने प्रत बदलून देण्याची तयारी तत्परतेने दाखवली, हे नोंदवणे न्यायाचे होईल. परंतु चित्रे आणि पृष्ठांक यांचे दोष प्रत्येक प्रतीत सारखेच असणार, त्यामुळे बदलून घेण्याने काही साधत नाही.

ज्यांना पुस्तक वाचायचे आहे त्यांच्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळांवर ते विनामूल्य उपलब्ध आहे. आर्काइव्हवरील प्रत जुन्या पुस्तकाची छायाप्रत असल्याने केम्बलची चित्रे जागच्या जागी आहेत, परंतु ती फाइल जड असते आणि पावसात नेटवर्क डळमळले की मध्येच अडकते, म्हणून ती उन्हाळ्यात किंवा निदान पहाटे उतरवून ठेवावी. फोनच्या छोट्या पडद्यावर छायाप्रत वाचणे डोळ्यांना त्रासाचे होते, तिथे गुटेनबर्गची हलकी फाइल बरी पडते. वीज गेल्यावर वाचायचे असेल तर ई-रीडर सर्वांत सोयीचा, कारण एकदा चार्ज केला की तो कित्येक दिवस चालतो.

कागदावरच वाचण्याची सवय असलेल्यांनी, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, हॉटेलांचे, श्रोत्यांचे, कुलचिन्हांचे, रेल्वेचे आणि अध्यक्षांचे अशी पाच प्रकरणे छायाप्रतीतून निवडून झेरॉक्सच्या दुकानात पाठपोट छापून घ्यावीत व त्यांना स्पायरल बाइंडिंग करावे. स्वामित्वहक्क उरलेला नसल्याने त्यात कायद्याची अडचण नाही, खर्च या प्रतीच्या किमतीपेक्षा बराच कमी येतो, चित्रे मिळतात आणि पाने सुटत नाहीत.