खानापूर रोडवरच्या नर्सरीतली चंदनाची रोपं

रोपं तजेलदार, वीतभर उंच, खोड तपकिरी झालेलं. पण निम्म्या पिशव्यांत सोबतीचं झाडच नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. चंदन अर्धपरजीवी, दुसऱ्याच्या मुळांना चिकटून अन्नपाणी ओढतं. हवाई बेटांवरचं चंदन, इलिआही, तेही तसलंच. त्यामुळे तूर लावलेलीच पिशवी मागून घ्या. दीड फुटी खड्डा, शेजारी तूर, ५-६ फुटांवर सोबतीला सुरूचं झाड. तुरीची सावली फार झाली तर छाटायची, उपटायची नाही. उपटली की चंदन पिवळं पडतं. खानापूरकडच्या पावसात पाणी तुंबलं तर मुळं कुजतात, उताराची तांबडी जमीन बरी. 'पंधरा वर्षांत लखपती' ही नर्सरीवाल्याची बात सोडा. वास गाभ्याला असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला नाही, आणि गाभा सावकाश भरतो. कर्नाटकात वन कायद्यातल्या २००१च्या दुरुस्तीनंतर झाड जमीनमालकाचं, तोडायला मात्र वनखात्याची परवानगी लागतेच.