नेट नसतानाही फोनमधला कागद प्रिंटरपर्यंत: वायफाय डायरेक्ट, हॉटस्पॉट आणि क्विक शेअर, दिवाळीपासूनचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. प्रिंटरचं वायफाय डायरेक्ट: घ्याच. फोन ते लॅपटॉप क्विक शेअर: चांगलं, पण थोडं लहरी. विंडोजचं मोबाईल हॉटस्पॉट: नेमक्या गरजेच्या वेळी दगा देतं. ब्लूटूथ: म्हातारं झालं, पण साध्या फोनसाठी ठेवावं लागतं. आणि ज्याची कुणी जाहिरात करत नाही तो उपाय, म्हणजे खणात पडलेला जुना अँड्रॉइड फोन, तो या सगळ्यांत भारी निघाला.

माझं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र आहे, जोडीला झेरॉक्स. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शेतकरी ओळखपत्र, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, हेच रोजचं काम. एक लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप आणि वायफायवाला इंक टँक प्रिंटर, एवढं सामान. इन्व्हर्टर असल्यामुळे लाईन गेली तरी मशिनी चालतात. नेट मात्र लाईनच्या मागोमाग जातं. रस्त्याचं खोदकाम निघालं की फायबर तुटते, आणि लाईन फार वेळ गेली की टॉवरही मान टाकतो. गिऱ्हाईक तेव्हाच येतं. "पोरानं सातबारा मोबाईलमंदी टाकून देल्ला, आता तूच काढ बाप्पा." कागद फोनमध्ये आहे, प्रिंटर दोन हातांवर आहे, आणि मधे व्हॉट्सअ‍ॅप अडकलेलं.

पण नेट हे अर्धंच कारण. दुसरं कारण मला जास्त खटकत होतं. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर अख्ख्या गावाचे आधार, पॅन, बँक पासबुक साचलेले. कोण काय पाठवतं, ते गॅलरीत जातं, बॅकअपमध्ये जातं, नातवाने फोन हातात घेतला की त्यालाही दिसतं. लोकांचे कागद आपल्या खाजगी फोनमध्ये असायचं काही कारणच नाही. फोनमधून सरळ लॅपटॉपवर किंवा सरळ प्रिंटरवर गेलं पाहिजे, असं ठरवून हा खटाटोप सुरू केला.

पूर्वी हे काम शेअरइट आणि झेंडर करायचे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केले त्यात हे दोन्ही गेले, कॅमस्कॅनरही त्याच यादीत. आमच्याकडे आजही कुणी कुणी विचारतं, "भाऊ, झेंडर मार ना." कुठल्यातरी साईटवरून त्याची एपीके, म्हणजे अ‍ॅप टाकायची फाईल, उतरवून देणारे महाभागही आहेत. तसं करू नका. फोनमध्येच आता सोय आहे.

प्रिंटरपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथेच झाला. वायफाय डायरेक्ट २०१० पासून आहे, वायफायची मानकं ठरवणाऱ्या वायफाय अलायन्स या संघटनेने तेव्हा त्याचं प्रमाणन सुरू केलं. त्यात राऊटर लागत नाही. जोडणाऱ्या दोघांपैकी एकजण स्वतःच छोटा राऊटर होतो आणि दुसरा त्याला जोडला जातो. प्रिंटरच्या बाबतीत ते काम प्रिंटर करतो. फोनच्या वायफाय यादीत 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारं एक लांबलचक नाव दिसतं ना, ते हेच. कित्येक जणांना ते शेजाऱ्याचं वायफाय वाटतं.

अँड्रॉइड ८ पासून पुढच्या फोनमध्ये प्रिंटची सेवा आतच असते, वेगळं अ‍ॅप टाकावं लागत नाही. पीडीएफ उघडायची, प्रिंट म्हणायचं, यादीत प्रिंटर दिसतो. पहिल्या वेळी प्रिंटरच्या पडद्यावर परवानगी मागतो, ती द्यायची. आयफोनला वायफाय डायरेक्ट येत नाही असं म्हणतात ते खरं आहे, पण त्याने अडत नाही: आयफोनने प्रिंटरचं ते 'डायरेक्ट' नाव साध्या वायफायसारखं निवडून पासवर्ड टाकायचा, पुढे एअरप्रिंट, म्हणजे आयफोनमधलीच छपाईची सोय, आपलं काम करतं. आमच्या गावात आयफोन मोजकेच, पण पुण्याहून सुट्टीत आलेली पोरं हटकून तोच घेऊन येतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कंपनीतून आलेला पासवर्ड बहुतेक प्रिंटरमध्ये फार सोपा असतो, तो पहिल्या दिवशीच बदला. नाहीतर ओट्यावर बसलेलं कुणीही रंगीत फोटो काढत सुटेल आणि शाई तुमची जाईल. दुसरं, एका वेळी चार-पाच फोनच जोडता येतात. जुने फोन जोडलेले राहतात आणि नव्याला जागा मिळत नाही. शाळेच्या निकालाच्या दिवशी हे फार जाणवलं. प्रिंटर बंद करून परत चालू केला की जागा मोकळी होते.

आणि हो, आधार फोनवरून छापू नका. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्माचं साल. तो फोनवर टाकून उघडलं तरी पान पूर्ण ए-फोर निघतं, लॅमिनेशनच्या मापाचं नाही. कधी फोन कागदाचं माप ए-फोरऐवजी लेटर हे अमेरिकन माप धरून बसतो आणि खालची ओळ कापली जाते. आधार, पॅन, फोटो हे लॅपटॉपवर घेऊन नीट कापूनच काढावं लागतं. सातबारा, हॉल तिकीट, गुणपत्रिका, बँकेचं स्टेटमेंट मात्र फोनवरून झक्क निघतं.

लॅपटॉपवरून छापताना एक बारीक फरक आहे. 'डायरेक्ट' नाव साध्या वायफायसारखं जोडलं तर लॅपटॉपचं नेट सुटतं, कारण वायफाय कार्ड एकच. त्याऐवजी विंडोजच्या प्रिंटर आणि स्कॅनरच्या पानावर 'वायफाय डायरेक्ट प्रिंटर दाखवा' असा पर्याय आहे, तिथून जोडा. मग एकाच कार्डावर नेटही राहतं आणि प्रिंटरही. ज्याचं नेट लॅन केबलने येतं त्याला हा प्रश्नच नाही, त्याचं वायफाय कार्ड तसंही रिकामंच बसलेलं असतं.

आता लॅपटॉपपर्यंत फाईल आणणं. क्विक शेअर म्हणजे गुगलचं आधीचं निअरबाय शेअर. अँड्रॉइडवर ते २०२० मध्ये आलं, विंडोजसाठीचं अ‍ॅप २०२३ मध्ये, आणि २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या क्विक शेअरशी एकत्र होऊन हे नाव झालं. फायदा एवढाच आणि मोठा: गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये ते आधीच असतं. फोटो निवडा, शेअर दाबा, माझ्या लॅपटॉपचं नाव दिसेल त्यावर टेकवा. लॅपटॉपला ६४ बिटचं विंडोज १० किंवा ११ लागतं, आणि दोन्हीकडे ब्लूटूथ व वायफाय चालू हवं.

लहरी म्हटलं ते यासाठी, की ओळख ब्लूटूथने पटते आणि माल वायफायने जातो. वायफायचा रस्ता जमला नाही तर सगळं ओझं ब्लूटूथवर येतं. एका आधारच्या फोटोला फरक कळत नाही, पण पंचवीस पानांची फाईल रांगायला लागते तेव्हा समजून जायचं. कधी फोनला लॅपटॉप दिसतच नाही. तेव्हा फोनचं लोकेशन चालू आहे का ते बघतो, मग लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद-चालू करतो. बहुतेकदा तेवढ्यात होतं.

'सगळ्यांकडून स्वीकारा' हे सेटिंग फक्त काम चालू असतानाच ठेवा. माझं दुकान शाळेच्या वाटेवर आहे, दहावीच्या पोरांनी काय काय पाठवायचा प्रयत्न केला ते इथे लिहिता येत नाही. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये सेफब्रीच या कंपनीच्या संशोधकांनी विंडोजच्या क्विक शेअरमधल्या त्रुटी जाहीर केल्या होत्या. परवानगी न घेता फाईल आत ढकलता येत होती. गुगलने त्या दुरुस्त केल्या आहेत, पण अ‍ॅप कधीकाळी टाकून तसंच विसरलेलं असेल तर आज अपडेट करा.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला ३ मेगाबिट, हातात पडतो तो दोनच्या आसपास. म्हणजे ४ एमबीच्या फोटोला पंधरा-वीस सेकंद आणि लग्नाच्या ७०० एमबीच्या व्हिडिओला पाऊण तास. वायफायवर तेच काम काही मिनिटांत होतं. विंडोजमध्ये ब्लूटूथने फाईल घ्यायची तर आधी 'फाईल स्वीकारा' ही खिडकी उघडून बसावं लागतं, नाहीतर फोन नुसता 'पाठवता आली नाही' म्हणतो. बटनाच्या फोनवरून एखादा फोटो घ्यायला ठीक. आयफोनवरून असा फोटो येतच नाही.

विंडोजच्या मोबाईल हॉटस्पॉटवर माझी फार आशा होती. २०१६ पासून ते विंडोजमध्ये आहे, आठ यंत्रं जोडता येतात, नाव-पासवर्ड आपल्या मनाचा. पण त्याची मूळ कल्पना नेट वाटण्याची आहे. वाटायला कुठलं कनेक्शनच नसेल तर ते सुरू व्हायलाच नकार देतं! नेट गेल्यावरच ज्याची गरज, ते नेट गेल्यावर चालत नाही. हॉटस्पॉट चालू असलं तरी कुणी जोडलेलं नसेल तर वीज वाचवायला आपोआप बंद पडतं, ते सेटिंग आधी काढून टाकावं लागतं. आणि वायफायचा पट्टा ५ गिगाहर्ट्झवर ठेवला तर जुन्या फोनना दिसत नाही, म्हणून २.४ वरच ठेवा. इंटरनेटवर 'अ‍ॅड हॉक नेटवर्क' करायच्या जुन्या युक्त्या अजून फिरतात. तो पर्याय विंडोज ८ पासून पडद्यावरून गेला, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तर आता तो जुना फोन. पडदा तडकलेला अँड्रॉइड, सिम नाही. त्याचं हॉटस्पॉट चालू केलं, चार्जरला लावून प्रिंटरमागे ठेवला. त्याला नेट नाही, म्हणून पासवर्ड गावभर झाला तरी कुणी फुकट रील बघत बसत नाही. राऊटरचा पासवर्ड दिला असता तर अर्धं गाव ओट्यावर मुक्कामाला असतं. राऊटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नाव करून बघाल, तर तिथे बहुधा एक यंत्र दुसऱ्याला दिसतच नाही, ती सुरक्षेसाठीच केलेली सोय आहे. या फोनच्या जाळ्यात तशी आडकाठी आली नाही. हॉटस्पॉटचा क्यूआर कोड छापून काउंटरवर चिकटवला आहे, नव्या फोनने तो टिपला की जोडणी झाली. काही फोनमध्ये सिमशिवाय हॉटस्पॉट सुरू होत नाही, तेव्हा फोन निवडताना आधी करून बघा, आणि 'कुणी नसेल तर आपोआप बंद' हे इथेही काढा.

या जाळ्यावर लोकलसेंड नावाचं फुकट, मुक्त स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं) अ‍ॅप वापरतो. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, सगळीकडे चालतं, नेट लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. अट एकच, दोघं एकाच वायफायवर हवेत. अडचण अशी की गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये ते नसतं आणि नेट नसताना उतरवता येत नाही. म्हणून नेहमीच्या माणसांच्या, म्हणजे अंगणवाडी ताई, शाळेचे सर, बचत गटाच्या अध्यक्षबाई, यांच्या फोनमध्ये नेट असताना एकदा टाकून दिलं. त्यांच्या फायलींचे गठ्ठे असतात, आणि आता ते खटाखट येतात.

जोडल्यावरही फाईल येत नसेल तर दोनच ठिकाणी बघा. फोन विचारतो, 'या वायफायला इंटरनेट नाही, जोडलेलं ठेवायचं का?' माणूस घाबरून नाही म्हणतो आणि फोन परत मोबाईल डेटावर जातो. एक आजी तर थेट मलाच म्हणाल्या, "नेट नाही त काहून जोडाले सांगतं रे?" दुसरं ठिकाण लॅपटॉप. विंडोज नव्या वायफायला 'सार्वजनिक' समजतं आणि फायरवॉल, म्हणजे विंडोजचा राखणदार, बाहेरचं काही आत येऊ देत नाही. त्या जाळ्याला 'खाजगी' केलं की रस्ता उघडतो.

डेस्कटॉपला वायफाय नव्हतं, त्याला वायफायचं यूएसबी डोंगल लावलं. मागच्या बाजूला, टिनाच्या भिंतीला चिकटून लावलं तेव्हा सिग्नल अगदीच मरतुकडा. छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणलं आणि फरक पडला. निळ्या यूएसबी ३ पोर्टला हार्डडिस्क लावलेली असेल तर डोंगल तिच्यापासून लांब ठेवा, त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पसरतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर लिहिलं होतं.

मिराकास्टने लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर टाकणं हेही वायफाय डायरेक्टचंच पोर. विंडोजचं बटन आणि के दाबलं की टीव्ही शोधतं. शेतीशाळेच्या एका कार्यक्रमात वापरलं, चित्र आलं, आवाज मागे रेंगाळत होता. व्हिडिओ दाखवायचा असेल तर एचडीएमआयची वायर बरी.

राहिला कागद पुसण्याचा प्रश्न. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर नाही आली तरी लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये साचतेच. विंडोजच्या स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्स एका दिवसाने पुसायची सोय आहे, ती लावून ठेवली. आपल्या कामाच्या फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची सवय मात्र लागते. सध्या तक्रार उलट्या बाजूने येते. आठवड्याने माणूस येतो आणि म्हणतो, "मायं आधार तुह्या कॉम्प्युटरमंदी असनच की, दे काढून." नाही म्हटलं की राग येतो, मग फोन काढायला लावतो आणि क्यूआर दाखवतो.